‘तर’ आणि ‘तरच’: लॉजिकल रीझनिंगमध्ये अडकलेल्या एका मुलीची केस

माझी भाची एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होती आणि लॉजिकल रीझनिंगमध्ये तीन महिने एकाच जागी अडकून बसली होती. सेक्शनमध्ये २५ प्रश्न, त्यातले १५ बरोबर, कधी १४, कधी १७, पण त्याच्या वर गाडी काही सरकेना. तिला विचारून हे लिहितेय, नाव मात्र सांगत नाही. ही चूक तिच्या एकटीची नाहीये, लॉच्या एन्ट्रन्सला बसणारी कितीतरी मुलं तीच चूक करतात, आणि ती शोधायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढा दुसऱ्या कोणाचा जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी परीक्षेबद्दल थोडं. एलसॅट पहिल्यांदा १९४८ मध्ये झाली, स्कोअर १२० ते १८० च्या मध्ये येतो. ऑगस्ट २०२४ पासून त्यातलं लॉजिक गेम्सचं सेक्शन गेलं, आता मार्क धरतात ती तीन सेक्शन, दोन लॉजिकल रीझनिंगची आणि एक रीडिंगचं, शिवाय चौथं एक असतं ज्याचे मार्क धरत नाहीत पण ते कुठलं हे सांगत नाहीत. प्रत्येकाला ३५ मिनिटं, म्हणजे २५ प्रश्न धरले तर एका प्रश्नाला ८४ सेकंद, त्यात छोटा उतारा वाचायचा, प्रश्न वाचायचा आणि पाच पर्यायांतून एक निवडायचा. चुकीला मार्क कापत नाहीत, आपल्याकडच्या लॉच्या एन्ट्रन्समध्ये, क्लॅटमध्ये, जातो तसा पाव मार्क जात नाही. पण दोन सेक्शन लॉजिकल रीझनिंगची म्हटल्यावर तिथे अडकलं की सगळंच अडकतं.

आम्ही सुरुवातीला जे केलं ते चुकीचं होतं. मला वाटलं स्पीडचा प्रॉब्लेम आहे. तिला वाटलं इंग्लिश कच्चं आहे. म्हणून एक महिना ती शब्द पाठ करत होती आणि मी तिला घड्याळ लावून बसवत होते. काहीच फरक पडला नाही, उलट ती वैतागली. मग एक दिवस मी म्हटलं की घड्याळ बंद कर, तोच सेक्शन परत सोडव, पाहिजे तेवढा वेळ घे, पण आधीची उत्तरं बघू नकोस. तिने जवळजवळ दीड तास घेतला आणि १६ आले. घड्याळ लावून १५, न लावता १६. इथे मला पहिल्यांदा कळलं की स्पीड हा मुद्दाच नाहीये, तिला वेळ कितीही दिला तरी ती त्याच ठिकाणी तीच वळणं घेत होती. हा प्रयोग खरं तर पहिल्या आठवड्यात करायला हवा होता.

तिची चुकांची वही होती, छान ठेवलेली, रंगीत पेनं वगैरे. तिने चुका प्रश्नाच्या प्रकाराप्रमाणे लावल्या होत्या, म्हणजे युक्तिवादातली चूक शोधा, गृहीतक शोधा, कशाने युक्तिवाद बळकट होतो, यावरून काय निष्कर्ष निघतो, असे रकाने. आणि सगळ्या रकान्यांत थोड्या थोड्या चुका, कुठेच ढीग नाही, त्यामुळे तिला वाटायचं की आपलं सगळंच थोडं थोडं कच्चं आहे. मी ते सगळे प्रश्न परत वाचायला घेतले आणि दुसऱ्याच पद्धतीने लावले, उताऱ्यात कुठले छोटे शब्द आहेत त्याप्रमाणे. ओन्ली, ओन्ली इफ, अनलेस, विदाउट, अनटिल, रिक्वायर्स, डिपेंड्स ऑन. निम्म्याहून जास्त चुका या शब्दांच्या आसपास होत्या. प्रकार वेगवेगळे दिसत होते, आजार एकच होता.

तरी नेमकं काय होतंय ते तोपर्यंत कळलं नव्हतं. ते कळलं एका प्रश्नावरून, म्हणून तो पूर्ण देते. मूळ शब्द बदललेत, सांगाडा तोच आहे:

कराराचा मसुदा कायदा विभागाने तपासला असेल तरच तो संचालकांपुढे ठेवला जातो. संचालकांपुढे ठेवलेला प्रत्येक मसुदा अर्थ विभागाने पाहिलेला असतो. हा मसुदा कायदा विभागाने तपासला आहे. म्हणजे अर्थ विभागाने तो पाहिलेला असणारच.

या युक्तिवादात चूक काय? पाच पर्याय. अ, संचालक मसुदा मंजूर करतील असं तो गृहीत धरतो. ब, संचालकांपुढे जायला आवश्यक असलेली तपासणी ही तिथे जायला पुरेशीसुद्धा आहे असं तो समजतो. क, दोन्ही विभाग एकाच वेळी काम करतात असं तो मानतो. ड, संचालकांपुढे जायला पुरेशी असलेली तपासणी ही नुसती आवश्यक आहे असं तो समजतो. ई, एका मसुद्यावरून तो सगळ्या मसुद्यांबद्दल बोलतो.

तिचं उत्तर होतं ड. मी म्हटलं, का? ती म्हणाली, “मावशी, पुरेशी आणि आवश्यक यात घोळ आहे हे मला दिसलं, मग ब आणि ड मध्ये मी गोंधळले आणि ड टिकमार्क केलं.” मी म्हटलं ठीक आहे, आता इंग्लिश विसर, पहिलं वाक्य मला मराठीत सांग. ती चटकन म्हणाली, “कायदा विभागाने तपासलं तर मसुदा संचालकांकडे जातो.”

परत सांग म्हटलं. परत तेच. ‘तरच’ मधला ‘च’ गेला होता!

इंग्लिशमध्ये ‘ओन्ली इफ’ मध्ये तिला ‘इफ’ दिसत होता आणि ‘ओन्ली’ म्हणजे नुसता जोर दिलाय असं ती धरत होती. म्हणजे तिच्या डोक्यात तपासणी ही पुरेशी अट होती, तपासलं की गेलं. खरं तर ती नुसती आवश्यक अट होती, तपासल्याशिवाय जाणार नाही एवढंच. त्या हिशोबाने तो युक्तिवाद तिला जवळजवळ बरोबरच वाटत होता, फक्त ‘चूक शोधा’ असं विचारलंय म्हणून तिने काहीतरी शोधलं. आणि ड हा पर्याय परीक्षा काढणाऱ्यांनी बरोबर अशाच मुलांसाठी ठेवलेला असतो.

मी तिला तीन वाक्यं लिहून दिली. वकीलच अर्ज करू शकतो. वकील अर्जच करू शकतो. वकील अर्ज करूच शकतो. आणि विचारलं की फरक काय. यात ती एकदाही अडखळली नाही. पहिल्यात, अर्ज करणारा माणूस वकील असलाच पाहिजे, पण प्रत्येक वकिलाला अर्ज करता येईल असं त्यात म्हटलेलं नाही. दुसऱ्यात, वकिलाच्या हातात अर्जाखेरीज दुसरं काही नाही. तिसऱ्यात, वकील असलात की झालं, अर्ज करता येणार. तीन जागी ‘च’, तीन वेगळे नियम, आणि हे सगळं तिला आधीपासून येत होतं, रोज ती हे बोलत होती. तर्क तिला कळत नव्हता असं म्हणायला जागाच नव्हती. इंग्लिश वाक्यातून तो उचलताना ‘च’ वाटेत सांडत होता एवढंच.

मग आम्ही बाण काढले. बाणाच्या शेपटीला पुरेशी अट, टोकाला आवश्यक अट. वकीलच अर्ज करू शकतो: अर्ज करतोय, बाण, वकील आहे. वकील अर्ज करूच शकतो: वकील आहे, बाण, अर्ज करता येतो. आणि बघता बघता तिच्याच लक्षात आलं की नुसता जोर देणारा ‘च’ सोडला तर नियम सांगणारा ‘च’ ज्याला चिकटतो ते बाणाच्या टोकाला जातं. तपासलं तरच जातो, म्हणजे ‘तपासलं’ टोकाला. संचालकांकडे गेलेला मसुदा तपासलेला असतोच, इथेही ‘तपासलेला’ टोकाला, वाक्य वेगळं पण बाण तोच. मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी आम्ही पुढे काही केलंच नाही, दोघी मिळून नुसती वाक्यं करत बसलो.

आता या चुकीचं शास्त्र थोडं सांगायला हवं, कारण ‘च’ सांभाळला तरी एक दुसरी ओढ राहते, बाण उलटा वाचायची. आपण शाळेत भूमितीत प्रमेय आणि प्रमेयाचा व्यत्यास शिकलो, आणि व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागायचा, तो का हे तेव्हा फारसं कोणी विचारत नाही. कारण साधं आहे, दोन त्रिकोण एकरूप असले तर त्यांचं क्षेत्रफळ सारखं असतं, पण क्षेत्रफळ सारखं म्हणून ते एकरूप होत नाहीत. व्यत्यास फुकट मिळत नाही. फुकट मिळतो तो काँट्रापॉझिटिव्ह: क्षेत्रफळ सारखं नसेल तर त्रिकोण एकरूप नाहीतच. बाण उलटवायचा तर दोन्ही टोकांना ‘नाही’ लावूनच उलटवायचा.

न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्रात हीच गोष्ट कित्येक शतकांपूर्वी सांगून ठेवलीय. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे आग असतेच. पण आग आहे म्हणून धूर असेल हे चालत नाही, आणि त्यासाठी त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा, त्यात आग आहे पण धूर नाही. धूर यायला आगीबरोबर ओलं सरपण लागतं, आणि या मध्येच लपलेल्या जादा अटीला ते उपाधी म्हणतात. भाचीला मी सांगितलं की कुठलाही उलटा बाण दिसला की लोखंडाचा गोळा शोध. मसुद्याच्या प्रश्नात लोखंडाचा गोळा कोण? कायदा विभागाने तपासलेला पण संचालकांपर्यंत न पोचलेला मसुदा, कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेला. असा एक मसुदा कल्पनेत उभा राहिला की युक्तिवाद तिथेच पडतो, आणि उत्तर ब हे आपोआप दिसतं.

ही ओढ किती जबरदस्त असते ते पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दाखवलं. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. वर दिसतंय ए, के, ४ आणि ७. नियम पाळलाय का हे बघायला कुठले पत्ते उलटायचे? बहुतेक लोक ए आणि ४ म्हणतात. भाचीही तेच म्हणाली. बरोबर उत्तर ए आणि ७ आहे, कारण ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. मूळ प्रयोगात बरोबर उत्तर देणारे १० टक्क्यांहूनही कमी होते. पण १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी तोच सांगाडा ठेवून नियम बदलला, बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर पाहिजे, आणि पत्त्यांवर लिहिलं बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. आता चारातले जवळजवळ तीन लोक बरोबर आले. बिअरवाला आणि १६ वर्षांचा, दोघांना तपासा, बाकीच्यांना सोडा. सांगाडा तोच, पण इथे माणूस ‘नियम कोण मोडतंय’ हे शोधायला लागतो, आणि ते आपल्याला सहज जमतं.

लॉ शिकू पाहणाऱ्या मुलीला याच्याहून चांगला धागा काय मिळणार. तेव्हापासून आमचा रोजचा सराव ठरला, दहा वाक्यं, वीस मिनिटं, प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी. आधी ‘च’ सांभाळून मराठीत म्हणायचं, मग बाण काढायचा, मग नियम मोडणारा एक माणूस किंवा एक वस्तू उभी करायची. तिसरी पायरी तिला सुरुवातीला जादा काम वाटायची पण खरी तपासणी तीच आहे, बाण उलटा काढला असेल तर मोडणारा चुकीचा निघतो आणि लगेच खटकतं.

‘अनलेस’ने बराच त्रास दिला. पावती जोडल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, हे सोपं, याचं ‘पावती जोडली तरच घेतात’ असं करायचं. पण ‘साक्षीदार आला नाही तर सुनावणी पुढे ढकलली जाईल’ अशा अर्थाचं वाक्य आलं की ती म्हणायची, साक्षीदार आला म्हणजे सुनावणी आज होणार. तसं वाक्यात कुठेच नाहीये! साक्षीदार आला आणि न्यायाधीश आजारी पडले तर? ही चूक मात्र गंमत म्हणजे समजूतदार माणसाचीच चूक आहे, कारण बोलताना आपण असंच ऐकतो. ‘अभ्यास केलास तर खेळायला सोडीन’ असं आई म्हणते तेव्हा अभ्यास न केल्यास सोडणार नाही हे पोराला न सांगता कळतं आणि आईलाही तेच म्हणायचं असतं. गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये यावर लिहिलंय, की वाक्य ऐकणाऱ्याला जास्तीच्या अनुमानाचं आमंत्रण देतं. घरात ते आमंत्रण स्वीकारायचं असतं, परीक्षेत नाही. हे तिला असं सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला, कारण तोवर तिला वाटत होतं की आपलं डोकंच तर्काला चालत नाही.

गृहीतकाच्या प्रश्नांत तोच आजार वेगळ्या कपड्यात होता. समजा युक्तिवाद असा, साक्षीदाराने रात्री ११ वाजता आरोपीला दूरच्या पुलावर पाहिलं, म्हणून आरोपी तेव्हा घटनास्थळी नव्हता. आवश्यक गृहीतक कुठलं? ती निवडायची ‘हा साक्षीदार माणसं ओळखण्यात कधीच चुकत नाही’, कारण वाक्य दणकट आहे, युक्तिवादाला भक्कम आधार देतं. पण विचारलंय ते आवश्यक काय. इथे वाक्याला ‘नाही’ लावून बघायचं. साक्षीदार कधीतरी चुकतो, ठीक आहे, मग काय झालं, त्या रात्री चुकला नसेल. युक्तिवाद उभाच आहे. आता दुसरा पर्याय, ‘त्या रात्री त्याची ओळखण्यात चूक झाली नाही’. याला ‘नाही’ लावा: त्या रात्री चूक झाली. संपलं, युक्तिवाद पडला. म्हणून हे आवश्यक. आवश्यक गृहीतक बहुतेक वेळा दिसायला साधं, जवळजवळ क्षुल्लक असतं, आणि मुलं नेमकी तेच सोडून मोठ्या आवाजातल्या पर्यायामागे धावतात.

सगळं सरळ झालं असं नाही. तीन आठवड्यांनी तिचा स्कोअर १९ वर गेला आणि पुढच्याच सेक्शनला परत १५! बघते तर रफ पेपर बाणांनी भरलेला, ज्या उताऱ्यात एकही नियम नाही, नुसतं कोणीतरी कारण आणि परिणाम जोडलाय किंवा एका पाहणीवरून सगळ्यांबद्दल बोललंय, तिथेही तिने बाण काढले होते, आणि शेवटचे पाच प्रश्न वेळ संपला म्हणून अंदाजाने. नवीन हत्यार मिळालं की असं होतंच. मग ठरवलं की उताऱ्यात नियमासारखी दोन वाक्यं एकमेकांना जोडली जात असतील तरच पेन उचलायचं, एकच असेल तर तोंडातल्या तोंडात ‘च’ म्हणायचा आणि पुढे जायचं. यामुळे वेळ वाचला, आणि घड्याळ आम्ही परत लावलं ते यानंतर, आधी नाही.

मागच्या आठवड्यातल्या सेक्शनमध्ये २२ आले. ओन्ली, अनलेस वाल्या सहाही प्रश्नांची उत्तरं बरोबर. चुकलेल्या तीनपैकी एक टक्केवारीचा होता, एक घाईत पर्याय नीट न वाचल्याने गेला, आणि तिसऱ्यात बहुतेक न्यायाधीश आधी वकील होते यावरून बहुतेक वकील न्यायाधीश होतात असला उलटा निष्कर्ष तिने मान्य केला होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मावशी, यात लोखंडाचा गोळा म्हणजे जन्मभर वकीलच राहिलेली सगळी माणसं, हो ना?” आणि वहीचं नवीन पान काढून वर लिहिलं: ‘काही’ उलटवता येतं, ‘बहुतेक’ उलटवता येत नाही.